बाबांचा श्वास सगळ्यांना ऐकू यायचा

आमचं घर बाबांच्या गळ्यावर चालायचं. बाबा खलाशांच्या टोळीचे जमादार होते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा लोखंडाचे खांब, तुळया, भट्टीचे जाड पत्रे दोरखंडांनी आणि कप्प्यांनी वर चढवणारी जी माणसं होती, त्यांना सगळे खलाशी म्हणत. ओझं वर घ्यायचं झालं की जमादार ओरडायचा, "हाबिस!" खाली सोडायचं झालं की, "आरिया!" हे शब्द कुठल्या भाषेतले, ते बाबांना ठाऊक नव्हतं. टोळीत तेलुगू होते, उडिया होते, छत्तीसगढी होते, आमच्यासारखे वैनगंगेकाठची शेती भावांवर सोडून आलेले होते, आणि एवढ्या सगळ्यांना सारखे कळणारे शब्द हे दोनच. बाबांचा 'आरिया' रिव्हेट ठोकणाऱ्या हातोड्यांच्या वरून जायचा. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत जायचो, तेव्हा आतल्या गोंगाटात तो शब्द कधीकधी ओळखू यायचा, आणि मी बाजूच्या कोणालाही सांगायचो, "हे माहे बाबा होत."

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात एक पेरूचं झाड. त्याची पानं कधी हिरवी दिसली नाहीत. त्यांच्यावर कायम तांबूस धूळ असायची. सकाळी कुरुद गावाकडून भाजीवाली यायची, डोक्यावरची टोपली उतरवायला माय तिला हात द्यायची, आणि दोघींचं अंबाडीच्या जुडीवरून भांडण व्हायचं. माय मराठीत भांडायची, ती छत्तीसगढीत, आणि शेवटी दोघी हसायच्या. भात आमच्याकडे दोन्ही वेळचा. त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, आणि बाबांना पहिली पाळी असली की संध्याकाळी पातोडीचा झणझणीत रस्सा. बाबा पाटावर बसायचे. माय वाढताना पळीचा दांडा त्या पाटाच्या कडेवर टक् टक् असा वाजवायची आणि मग विचारायची, "भात घेता का?" बाबा मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि हो-नाही म्हणायचे. पहाटे त्यांना उठवतानासुद्धा ती हाक मारायची नाही, खाटेच्या खुरावर मूठ आपटायची. आम्हाला वाटायचं, मायची सवय आहे. काही बायकांना चालताना बांगड्या मागे सारायची असते, तशी.

मी शाळेत हिंदीत शिकलो, नोकरी हिंदीत केली, मित्र हिंदीतले. मराठी फक्त त्या दोन खोल्यांत राहिली. म्हणून असेल, पण हे लिहायला बसलो की आधी ती टकटकच कानात येते. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट मी आता का काढतो आहे, असं बायको विचारते. मी तिला सांगतो, निवृत्ती जवळ आली, वेळ आहे. ते खरं कारण नाही, हे तिलाही कळतं.

मॅट्रिक होऊन मी अप्रेंटिसच्या यादीची वाट बघत होतो त्या दिवसांत आमच्या गल्लीच्या टोकाला गार्डकाका राहायला आले. ते नागपूरकडचे. सगळा जन्म दुर्ग लाइनवर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढून निवृत्त झालेले, आणि कारखान्यात कारकून असलेल्या मुलाकडे आलेले. बारीक, काळेसावळे, पाठ एकदम सरळ. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सकाळी योगाचा वर्ग सुरू केला. मुलं सगळी बाबू लोकांची आणि साहेब लोकांची. खलाशाचा पोरगा मी एकटा. माझी चटई म्हणजे घडी केलेलं पोतं होतं, आणि त्यामुळे मी सगळ्यांच्या आधी जाऊन मागच्या कोपऱ्यात बसायचो. पण अंगानं मी लवचीक होतो. महिन्याभरात गार्डकाका मला पुढे बोलवून इतरांना दाखवायला सांगू लागले. तेव्हापासून मी गल्लीतून चालतानासुद्धा पाठ सरळ ठेवू लागलो.

एके दिवशी त्यांनी आम्हाला गळ्यातून श्वास घ्यायला शिकवलं. त्याला ते उज्जायी म्हणाले, पण नावावर थांबले नाहीत. त्यांनी पिशवीतून आपला जुना हातकंदील काढला.

"बाबू, याची काच पुसायची असली तर आपण काय करतो?"

मी काचेजवळ तोंड नेऊन 'हाऽऽ' केलं. काच धुरकटली.

"बस्स. आता तेच कर, पण तोंड मिटून. श्वास नाकानं. गळ्याच्या आत बारीक फट ठेवायची, दार ओढून घेतो तशी. बंद नाही करायचं."

मी केलं. गळ्याच्या मागे कुठेतरी लांबून पाणी वाहत असावं तसा आवाज आला. डोकं एकदम शांत झालं. गार्डकाका सगळ्यांमधून फिरत होते. ज्याच्या मानेची शीर वर आली त्याच्या मानेवर ते बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं कामच नाही काही. सोड." मग त्यांनी एक खूण सांगितली. "आवाज ज्याचा त्याले ऐकू आला पाहिजे. बाजूच्याले आला, तर समजा की जोर होऊन राहिला. जोर झाला की थांबा. हे ताकदीचं काम नोहे." पुढे त्यांनी हेही सांगितलं की, ज्यांना दिवसभर ओरडायचं काम असतं, त्यांच्या गळ्याला यानं आराम पडतो, अर्थात हळू केलं तर.

मी 'हळू केलं तर' ऐकलंच नाही. मला बाबा दिसले. संध्याकाळी घरी आल्यावर ते अंगणात बराच वेळ खाकरायचे. आवाज जाड व्हायचा, कधी शब्दाचं शेवटचं अक्षर यायचंच नाही. माय हळदीचं दूध करून द्यायची. मी मनाशी ठरवलं की बाबांचा गळा मी बरा करीन. त्यात बाबांची काळजी होती, ती होतीच. पण सगळं लिहायचं म्हटलं तर तेही लिहायला हवं: व्हरांड्यातल्या त्या साहेबांच्या पोरांच्या आधी एखाद्या मोठ्या माणसाला शिकवून दाखवणारा मी पहिला असेन, हाही विचार होता, आणि तो काही मागच्या कोपऱ्यात बसलेला नव्हता.

बाबा हसले. "आता तू मले श्वास घ्यायले शिकवशीन का, गा?" पण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी अंगणात पोतं टाकून समोर बसले. बनियन, लुंगी, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेतल्या मुलासारखे. मी कंदील मागून आणला होता. काचेवर 'हा' करणं त्यांना लगेच जमलं. तोंड मिटून करणंही जमलं असावं, कारण मी अगदी जवळ गेलो तेव्हा मला बारीकशी घासल्यासारखी हवा ऐकू आली. अगदी तशीच, जशी असायला पाहिजे.

"बाबा, ऐकू आला का?"

"काय?"

"आवाज. गळ्यातला."

त्यांनी डोळे मिटून पुन्हा एक श्वास घेतला, लक्ष देऊन. मग मान हलवली. "नाई बा."

"मंग थोडा जोर लावा."

हा शब्द माझा होता. गार्डकाकांनी 'जोर' फक्त 'नको' सांगताना उच्चारला होता.

बाबांनी जोर लावला. "आला का?" "नाई." "अजून." "नाई ना." "अजून थोडा, बाबा." त्यांच्या मानेच्या दोन्ही शिरा ताठ झाल्या, तोंड लाल झालं, आणि गळ्यातून करवतीसारखा आवाज निघू लागला. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उजळला. बोट वर करून म्हणाले, "हाव! आता आला. आता ऐकू आला!" मलाही आनंद झाला. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला म्हणजे खूण पटली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाजूच्याला ऐकू आला तर थांबायचं, हे त्याच खुणेचं दुसरं टोक होतं, आणि बाजूला बसलेला मीच होतो.

माय चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिनं एकदा वळून बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा चुलीकडे वळली. ती मला काय समजली होती, ते मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसापासून बाबा रोज बसू लागले. त्यांना शिकवलेलं काम ते मन लावून करायचे. पहाटेच्या भोंग्याआधी तो आवाज सुरू व्हायचा आणि पेरूच्या झाडाखालून अख्ख्या गल्लीत जायचा. पलीकडच्या शांताकाकू भिंतीवरून डोकावून मायला म्हणाल्या, "काय वं, घरातच भट्टी बसवली का तुमी? आमचे हे म्हणते, भोंगा झाला, उठा."

"मंग बरं हाय ना," माय म्हणाली. "तुमाले घड्याळ घ्याले नाई लागत."

"पण थ्या भट्टीले बुझवाची कवा?"

"तुमचे उठतीन तवा!"

दोघी हसल्या. बाबाही हसले, कारण दोघी हसत होत्या.

गार्डकाकांनी मग वर्गात सांगितलं की येत्या रविवारी प्रत्येकानं घरचं एक मोठं माणूस आणावं, सगळे मिळून बसू. मी बाबांना घेऊन गेलो. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. व्हरांड्यात साहेब लोकांचे वडील होते, दोघातिघांच्या आया होत्या. बाबांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या पोत्यावर बसले. मी त्यांच्या शेजारी फरशीवर. गार्डकाकांनी डोळे मिटायला सांगितले आणि श्वास सुरू झाला. पंचवीस-तीस माणसं होती, पण ऐकू येत होती ती फक्त एक चिमणी. मग बाबांनी सुरुवात केली.

मी डोळे उघडले. पुढच्या रांगेतली पोरं मागे वळून बघत होती. कोणीतरी म्हणालं, "मालगाडी आ गई," आणि दाबलेलं हसू फुटलं. गार्डकाका शांतपणे उठले, फिरत फिरत बाबांच्या मागे येऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जमादारसाहेब, थांबा आता." बाबा थांबले नाहीत. गार्डकाका पुन्हा म्हणाले. मग जरा मोठ्यानं. तोपर्यंत बाकी सगळे थांबले होते आणि त्या व्हरांड्यात बाबांचा एकट्याचा श्वास चालू होता, वर, खाली, वर, खाली. गार्डकाकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी डोळे उघडले, सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना दिसलं, सगळ्यांचे हसरे चेहरे दिसले. त्यांना वाटलं आपलं चांगलं झालं. ते हसले आणि त्यांनी हात जोडले.

तो नमस्कार मला अजून दिसतो. कशानंही जात नाही.

निघताना गार्डकाकांनी मला बाजूला घेतलं. "आज संध्याकाळी मले भेटून जा. आन् तोवर यायले हे करू देऊ नको. समजलं का? बिलकूल नको." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला फक्त 'नको' ऐकू आलं. खलाशाच्या पोरानं खलाशाला आणलं आणि हसं झालं, म्हणून आता नको, असा मी त्याचा अर्थ लावला. घरी जाताना बाबा सायकल चालवत होते, मी मागे कॅरिअरवर. मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "सगळे हसून राहिले होते तुमाले. गार्डकाका तीनदा थांबा म्हणाले. तुमाले ऐकू नाई येत का?" बाबांनी उत्तर दिलं नाही. पाठ हलली नाही, पेडल मारत राहिले. मला वाटलं, रागावले. मलाही राग होता, बरंच झालं असं वाटलं. चौकात आल्यावर मान मागे वळवून त्यांनी अगदी हौसेनं विचारलं, "कसं झालं रे माहं?"

मी म्हणालो, "चांगलं झालं."

संध्याकाळी मी गार्डकाकांकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गालाही गेलो नाही. आणि बाबांना थांबवलंही नाही. कसं थांबवणार होतो? चांगलं झालं असं मीच म्हणालो होतो. पहाटे तो करवतीचा आवाज सुरू झाला की मी डोक्यावरून चादर ओढायचो. आत गरम व्हायचं, तरी आवाज यायचाच. कधी मध्येच ठसका लागायचा, बाबा पाणी प्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. माझ्या पोरानं शिकवलं, असं ते टोळीत सांगत असत, हे मला नंतर समजलं. उठून अंगणात जायला आणि त्यांच्या मानेवर बोट ठेवून 'सोडा' म्हणायला मला चार पावलं लागली असती.

त्यांचा आवाज बसत गेला. माय ज्येष्ठमध उगाळायची, सुंठ द्यायची. बाबा म्हणायचे, "धूळ हाय, बाकी काही नाई." धूळ होतीच. आणि मग एका दुपारी त्यांच्या टोळीतला रामखिलावन बाबांना सायकलवर मागे बसवून घरी घेऊन आला. पाळी अजून संपायची होती. माय तांदळाचं सूप ठेवून उठली.

"भौजी, झन घबराव," रामखिलावन हातानं धीर देत म्हणाला. "जमादार के गला बइठ गे हे, अउ कुछू नहीं."

मग त्यानं मला बाहेर नेऊन सांगितलं. एक तुळई वर जात होती. बाबांनी 'आरिया' म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा जोर केला, काहीच नाही. तुळई जायला नको तिथपर्यंत गेली, मचाणाला घासली, एक फळी खाली आली. खाली उभे होते ते पळाले. रामखिलावनच ओरडला म्हणून ओझं थांबलं. कोणाला लागलं नाही. "मैं चिल्लाया, भैया," तो म्हणाला, "जमादार के आगू मैं कभी नहीं चिल्लाया था." त्याला त्याचंच वाईट वाटत होतं.

बाबांना घेऊन दवाखान्यात मी गेलो. डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलायचे, घाई करत नव्हते. त्यांनी छोट्या आरशानं गळा बघितला, सूज आहे म्हणाले, बरेच दिवस बोलणं बंद आणि ओरडणं तर मुळीच नाही. मी वाट बघत होतो की ते विचारतील, हे श्वासाचं काय करत होता. त्यांनी विचारलं नाही. ओरडणं आणि धूळ, एवढंच त्यांनी लिहिलं. मी सांगितलं नाही.

मग ते मागच्या बेसिनपाशी हात धूत म्हणाले, "तंबाकू खाते हो?" बाबा समोर बघत बसले होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. नळ बंद करून पुन्हा विचारलं. बाबा समोरच बघत होते. डॉक्टर हात पुसत पुढे आले, बाबांच्या डोळ्यांत पाहिलं, मग टेबलाच्या खणातून चिमट्यासारखा एक लोखंडी काटा काढून गुडघ्यावर वाजवला आणि तो घुमत असताना एका कानापाशी धरला, मग दुसऱ्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. भीतीनं पाहिलं. आमच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "घर में ठीक से सुनते हैं?"

बाबा माझे ओठ बघत होते. आणि तेव्हा मला पाटावरची टकटक आठवली. खाटेच्या खुरावरची मूठ. सायकलवरची ती न हललेली पाठ. व्हरांड्यातला नमस्कार. अंगणातलं ते 'नाई बा', 'नाई ना'. त्यांचा श्वास पहिल्याच दिवशी बरोबर होता. तो त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. हातोड्यांनी त्यांचे कान कधीच नेले होते, आणि मी त्यांना ऐकू येईपर्यंत गळा घासायला लावला होता.

'सुनते हैं' म्हणालो असतो तर डॉक्टरांनी कदाचित सोडून दिलं असतं. मी म्हणालो, "नहीं सुनते."

बहिऱ्या माणसाच्या हाती ओझ्याखालची माणसं देता येत नाहीत. डॉक्टरांनी लिहायचं ते लिहिलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. बाबांची जमादारी गेली. त्यांना सामानाच्या गोदामात बसवलं. दोर, कप्प्या, साखळ्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. पगार थोडा कमी झाला, पण घर चाललं. गळ्याची सूज उतरली, बोलणं परत आलं, पण हवेसारखं. ओरडणं कधीच आलं नाही.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी मायनं भात वाढला, पाट वाजवला, बाबा जेवून उठले, आणि मग ती माझ्यासमोर बसली.

"तुले ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली. "या घरात राहून?"

"नाई, माय."

"मले वाटलं तुले ठाऊक हाय. त्यायले ऐकू यावं म्हणूनच तू जोरानं कराले लावून राहिला. मी म्हटलं, पोरगं हुशार हाय, समजून घेतलं त्यानं." ती पदरानं तोंड पुसत राहिली. "इतकी वर्सं मी झाकलं. टोळीतल्या लोकायनं झाकलं. थो रामखिलावन इशारा करे, हे त्याचा हात पाहे आन् आवाज दे. आन् तुह्या एका शब्दानं..."

"आन् एखाद्याच्या डोक्यावर पडलं असतं तर?"

तिनं बाबांचं उष्टं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "ते बी खरंच हाय." आणि भांडी घासायला उठली.

मी या दोन्हींत इतकी वर्षं फिरतो आहे. डॉक्टरांसमोरचा तो शब्द खरा होता, आणि पुन्हा वेळ आली तरी मला तोच म्हणावा लागेल असं वाटतं. पण त्या खुर्चीवर त्यांना नेऊन बसवलं मीच. गळा बसला नसता तर दवाखाना नव्हता. आणि गार्डकाकांकडे त्या रविवारी संध्याकाळी गेलो असतो, तर गळाही बसला नसता. माझ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पापा, आज ना कल पता चलता ही." बरोबर आहे. पण बाबांना ते स्वतः सांगता आलं असतं. स्वतः जाऊन, सदरा घालून, 'आता मला ऐकू येत नाही, दुसरा जमादार बघा' असं. ते मी त्यांच्याकडून घेतलं.

गार्डकाका एका सकाळी आपणहून घरी आले. मी दारात त्यांना बघून मागे सरलो. "मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तुही वाट पाहिली," एवढंच ते म्हणाले आणि सरळ अंगणात गेले. बाबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. त्यांनी बाबांचा उजवा हात घेतला आणि त्याचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मग श्वास घेऊ लागले. मला काहीच ऐकू आलं नाही. बाबांच्या भुवया वर गेल्या. गार्डकाकांनी मग तोच तळहात बाबांच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवून दिला.

बाबांनी श्वास घेतला. सवयीनं करवत वाजली. गार्डकाकांनी मान हलवली आणि हातानं खाली, खाली अशी खूण केली, आरियाची खूण. बाबा हसले. पुन्हा घेतला, हळू. पुन्हा, आणखी हळू. हळूहळू तो आवाज माझ्यापासून दूर गेला आणि मग नाहीसा झाला, फक्त छाती वरखाली होताना दिसत होती. बाबा तळहातानं ऐकत होते. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, "असं हाय होय हे. मांजर घोरल्यावानी." माय दारात उभी होती. ती आत गेली आणि चहा टाकला.

त्यानंतर बाबा मरेपर्यंत रोज असेच बसत, एक हात गळ्यावर ठेवून. मी पुढे कारखान्यात लागलो, लग्न झालं, पण पहिली पाळी नसली की त्यांच्यासमोर जाऊन बसायचो. माफी मी कधी मागितली नाही. शब्द मोठ्यानं म्हणावे लागले असते, शेजारी ऐकतील इतके, आणि तशी माफी मला मागता येईना. एकदा, त्यांचे केस पूर्ण पांढरे झाल्यावर, मी समोर डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा माझ्या गळ्याला त्यांचा तळहात लागला. दोरांनी राकट झालेला, उबदार. त्यांनी तो तसाच ठेवला. मी श्वास घेत राहिलो, इतकी वर्षं शिकलो होतो तसा, अगदी बारीक, कोणालाही ऐकू न येणारा.

बाबांनी मान हलवली.

"जोर पडून राहिला तुह्या गळ्याले," ते त्यांच्या त्या हवेसारख्या आवाजात म्हणाले. "सोड."

मी सोडला, निदान तसं दाखवलं.

त्यांचा तळहात हलला नाही. "नाई सोडला," ते म्हणाले, आणि वाट बघत बसले.